आखूड धावमार्गावरील मोटारसायकल शर्यती, ब्रिटनमधील

आखूड धावमार्गावरील मोटारसायकल शर्यती, ब्रिटनमधील : (स्पीडवे). सैल पृष्ठभागाच्या लंबवर्तुळाकार व बंदिस्त धावमार्गावर, ब्रेक नसलेल्या मोटारसायकलींनी खेळावयाचा सांघिक व वैयक्तिक क्रीडाप्रकार. प्रारंभीच्या काळात त्यास ‘डर्ट ट्रॅक’ म्हणजे धूळमार्गावरील शर्यत असे म्हणत; पुढे ‘स्पीडवे’ हे नाव रूढ झाले. धावमार्गाची लांबी सामान्यतः २६० ते ४२५ मी. असते, म्हणजे तो मोठ्या क्रिकेट मैदानाच्या सीमारेषेएवढा किंवा तिच्याहूनही लहान असतो. पूर्वी त्यावर कोळशाची जळकी खंगरे पसरीत. आता बहुधा शेल दगडाचा चुरा वापरतात. एका शर्यतीत चार स्पर्धक असतात आणि ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने चार फेऱ्या मारतात. ही शर्यत सुमारे एका मिनिटात संपते. पहिल्या तिघांना अनुक्रमे ३, २ व १ गुण मिळतात, चौथ्यास काही नाही. सांघिक सामन्यात प्रत्येक शर्यतीस दोन्ही संघांचे दोन-दोन स्पर्धक उतरतात आणि अशा बारा-पंधरा शर्यतींच्या गुणांची बेरीज करून निर्णय देतात.

या खेळाची मोहिनी वळणावर आहे. मोटारसायकलीस ५०० घ. सेंमी.चे एकच सिलिंडर असलेले एंजिन, एकच गिअर व क्लच असतो. ब्रेक मुळीच नसतो. वळण जवळ येताच स्पर्धक मागील चाक मुद्दाम बाहेरच्या बाजूस घसरू देतो, पुढील चाक वळणाच्या उलट म्हणजे उजवीकडे फिरवितो आणि पोलादी तळवा बसविलेला डावा पाय जमिनीवर टेकवून तोल सांभाळतो. घसरणारे मागील चाकच वेग कमी करते व यंत्रास नव्या दिशेने ढकलते. अशा वेळी ब्रेक लावण्याची सोय असती, तर पुढच्याने एकाएकी वेग कमी केल्याने मागून येणारे त्याच्यावर आदळले असते. म्हणून ब्रेकचा अभाव हा वरकरणी अविचार वाटला, तरी ती सुरक्षिततेचीच एक अट आहे. इंधन म्हणून मेथॅनॉल वापरतात. ते बाष्प होताना एंजिनातील उष्णता शोषून घेते. त्यामुळे अधिक संपीडन (मिश्रण दाबण्याचे प्रमाण) ठेवता येते व लहान एंजिनातून मोठी शक्ती मिळते.

उगम : या शर्यतींचा उगम नेमका कोठे झाला, याविषयी मतभेद आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत जत्रांच्या मैदानांवर मातीवरील शर्यती होत असत. तथापि संघटित खेळ म्हणून श्रेय बहुधा ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलँड (न्यू साउथ वेल्स) या गावास दिले जाते. तेथील कृषिप्रदर्शनाच्या मैदानावर १५ डिसेंबर १९२३ रोजी विजेच्या दिव्यांच्या उजेडात मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या. त्यांच्या संयोजनात जॉनी हॉस्किन्स या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या उत्साही गृहस्थाचा पुढाकार होता. ब्रिटनमध्ये ७ मे १९२७ रोजी कँबर्ली येथील वाळूच्या माळावर आणि त्याच वर्षी २५ जून रोजी मँचेस्टरजवळील ड्रॉइल्सडेन येथे शर्यती झाल्या. परंतु कँबर्लीला स्पर्धक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावले व वळणावर घसरत जाण्याची ऑस्ट्रेलियन रीत तेथे नव्हती. म्हणून लंडनच्या सीमेवरील एपिंगच्या वनातील हायबीच येथे १९ फेब्रुवारी १९२८ रोजी झालेली सभा हाच ब्रिटिश स्पीडवेचा आरंभ मानतात. ‘किंग्ज ओक’ या मद्यगृहामागील जुन्या धावमार्गावर ती भरली होती. इल्फर्ड येथील मोटारसायकल मंडळाने सुमारे तीन हजार प्रेक्षकांची तयारी केली होती. प्रत्यक्षात लोटलेल्या गर्दीचे अंदाज पंधरा ते तीस हजारांपर्यंतचे आहेत. जागा अपुरी पडल्याने प्रेक्षक धावमार्गाच्या आतील बाजूसही उभे राहिले. बिली गॅलोवे व कीथ मकाय हे ऑस्ट्रेलियन स्पर्धक या सभेत होते.

विस्तार : त्यानंतरच्या काही महिन्यांतच देशभर डझनावारी धावमार्ग सुरू झाले. एवढ्या वेगाचे कारण केवळ मोटारसायकलींच्या आकर्षणात शोधणे पुरेसे नाही. मैदानांची सोय आधीच झालेली होती, हे त्याचे खरे कारण होय. मँचेस्टरमधील बेल व्ह्यू येथे जुलै १९२६ मध्ये यांत्रिक सशामागे धावणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू झाल्या आणि त्यांच्यासाठी शहरोशहरी लंबवर्तुळाकार, दिव्यांनी उजळलेली, हजारो प्रेक्षकांच्या सोयीची क्रीडागारे उभी राहिली. आठवड्यातील काही संध्याकाळी ती रिकामी असत. कुत्र्यांच्या मार्गालगत खंगरांचा पट्टा टाकला, की स्पीडवेसाठी जागा तयार होई. वेंब्लीचे प्रचंड क्रीडागार १९२४-२५ च्या साम्राज्य प्रदर्शनानंतर ओस पडण्याच्या बेतात होते. आर्थर एल्विन यांनी ते घेऊन प्रथम कुत्र्यांच्या शर्यती व १९२९ मध्ये स्पीडवे आणला आणि हॉस्किन्सकडे संघाची व्यवस्था सोपविली. कारखान्यातून सुटलेल्या कामगारास सहकुटुंब जाता येईल, दोन तासांत संपेल आणि तिकीट परवडेल, अशी ही करमणूक होती. कुत्र्यांच्या शर्यतींत पैज हाच जीव. स्पीडवेत मात्र प्रेक्षक आपल्या संघाचे रंग मिरवीत येत.

मात्र या सोयीतच एक उणीव होती. स्पीडवे संघ बहुतांशी भाडेकरू होते. मैदान दुसऱ्याचे, त्यावरील मार्ग तेवढा त्यांचा. पुढील सर्व इतिहासावर या गोष्टीची छाया आहे.

१९२९ मध्ये दक्षिणेकडील व उत्तरेकडील संघांचे दोन स्वतंत्र साखळी सामने सुरू झाले. दक्षिणेत स्टॅमफर्ड ब्रिज हा पहिला विजेता ठरला. १९३२ मध्ये दोहोंचे मिळून ‘नॅशनल लीग’ झाले. वैयक्तिक शर्यतींचे नावीन्य एव्हाना ओसरू लागले होते. संघाभिमानाने खेळाला स्थैर्य दिले. ऑस्ट्रेलियातील उन्हाळा तो ब्रिटनमधील हिवाळा असल्याने व्हिक हक्स्ली, फ्रँक आर्थर यांसारख्या खेळाडूंना दोन्हीकडील हंगाम साधता येत. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी सामने १९३० मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी जे. ए. प्रेस्टविच कंपनीचे ‘जॅप’ एंजिन आले आणि आधीच्या डग्लस व रज या मोटारसायकली मागे पडून सुमारे तीन दशके त्याचेच राज्य चालले. साठीच्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या एसो (पुढे जावा) एंजिनाने त्याची जागा घेतली. फे टेलर ही आयरिश व ईव्हा ॲस्क्विथ ही इंग्रज अशा स्त्रियांनी आरंभीच्या सभांत पुरुषांवर मात केली होती; परंतु १९३० मध्ये एका स्त्री-स्पर्धकाच्या अपघातानंतर ब्रिटनमध्ये स्त्रियांना बंदी करण्यात आली. त्या वर्षांत पुरुष स्पर्धकही मरण पावत होते, पण त्यांना कोणी अडविले नाही.

पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १० सप्टेंबर १९३६ रोजी वेंब्ली येथे झाली. ब्लूई विल्किन्सन याने त्या रात्री पाचही शर्यती जिंकल्या, तरी आधीच्या फेऱ्यांतील गुण जमेस धरण्याच्या नियमामुळे तो तिसरा ठरला. बरोबरीनंतरच्या निर्णायक शर्यतीत एरिक लँग्टनला हरवून लायनेल व्हान प्राग विजेता झाला. विल्किन्सनला ते पद १९३८ मध्ये मिळाले. १९३९ ची अंतिम स्पर्धा दुसऱ्या महायुद्धामुळे रद्द झाली.

महायुद्धोत्तर काळ : १९४६ ते १९५० ही वर्षे या खेळाच्या भरभराटीची होत. वेंब्लीत एका संध्याकाळी पन्नास-साठ हजार प्रेक्षक जमणे ही तेव्हा नवलाची गोष्ट नव्हती. १९४९ मध्ये टॉमी प्राइस हा जगज्जेता झालेला पहिला इंग्रज ठरला. त्यानंतरची घसरण मात्र तितकीच वेगवान होती. करमणूक कराचा बोजा (खेळांवरील हा कर १९५७ मध्ये रद्द झाला), घरोघरी आलेले दूरचित्रवाणीसंच व वाढता खर्च यांमुळे संघ बंद पडू लागले. १९५७ च्या आरंभी एल्विन निधन पावले आणि वेंब्लीचा संघ विसर्जित झाला. मालकाची मर्जी हाच त्याचा आधार होता. त्याच वर्षी उरलेल्या दोन श्रेणी एकत्र कराव्या लागल्या.

पुनरुज्जीवन खालच्या पातळीवरून झाले. १९६० मध्ये लहान शहरांतील बंद मैदाने उघडून ‘प्रॉव्हिन्शियल लीग’ स्थापन झाले. १९६४ मध्ये वरच्या लीगमध्ये सातच संघ उरले असता नियामक मंडळाने वुल्व्हरहॅम्प्टन संघास तेथे जाण्याचा आग्रह धरला. तो नाकारून प्रॉव्हिन्शियल संघांनी तो हंगाम मान्यतेविना पार पाडला. लॉर्ड शॉक्रॉस यांच्या चौकशीनंतर तडजोड होऊन १९६५ मध्ये अठरा संघांचे ‘ब्रिटिश लीग’ सुरू झाले. जगातील उत्तम खेळाडू त्यात खेळत. न्यूझीलंडचे बॅरी ब्रिग्ज (चार वेळा जगज्जेता) व आयव्हन मॉगर (सहा वेळा) हे त्यांतील प्रमुख. इंग्लंडचा पीटर क्रेव्हन १९५५ व १९६२ मध्ये जगज्जेता झाला. सप्टेंबर १९६३ मध्ये एडिंबरो येथील अपघातानंतर तो मरण पावला. वेंब्लीतील अखेरची जागतिक अंतिम स्पर्धा १९८१ मध्ये झाली.

जागेचा प्रश्न : स्वीडनचा पाच वेळा जगज्जेता झालेला ऊव्ह फुंडिन ज्या नॉरिच संघाकडून खेळे, त्याचे मैदान १९६४ अखेर घरबांधणीसाठी विकले गेले. १९६५ चा ब्रिटिश लीग विजेता वेस्ट हॅम सात वर्षांतच बेघर झाला. कस्टम हाउस येथील त्याच्या मैदानावर वस्ती उभी राहिली असून तेथील एका गल्लीस हॉस्किन्सचे नाव आहे. बेल व्ह्यूचे हाइड रोडवरील मैदान १९८७ मध्ये व विंबल्डन २००५ मध्ये गेले. कॉव्हेंट्रीत २०१६ नंतर शर्यती झाल्या नाहीत. पीटरबरो व वुल्व्हरहॅम्प्टन येथील २०२३ मध्ये थांबल्या. जुनी मैदाने एकेकाळी गावाच्या कडेला होती. भोवती घरे वाढली, जमिनीचे मोल चढले आणि आवाजाच्या तक्रारीही आल्या. सत्तरीच्या दशकात ध्वनिशामक बसविणे सक्तीचे झाले, पण जमिनीच्या किमतीवर असा उपाय नव्हता. कुत्र्यांच्या शर्यतींची लोकप्रियता ओसरताच मैदान राखण्याचे मालकास कारणच उरले नाही.

१९९५ पासून जगज्जेता एका रात्रीच्या स्पर्धेऐवजी ‘ग्रां प्री’ मालिकेतून ठरू लागला. २००१ पासून तिची ब्रिटिश फेरी कार्डिफच्या मोठ्या क्रीडागारात, तात्पुरत्या मार्गावर भरू लागली. टाय वॉफिन्डेन या ब्रिटिश स्पर्धकाने २०१३, २०१५ व २०१८ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळविले. परंतु खेळाचा आर्थिक केंद्रबिंदू तोवर पोलंडकडे सरकला होता. मँचेस्टरमध्ये मुख्यतः स्पीडवेसाठी बांधलेले राष्ट्रीय क्रीडागार २०१६ मध्ये खुले झाले व बेल व्ह्यू संघ तेथे गेला. ऑक्सफर्ड येथे दीर्घ खंडानंतर २०२२ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या.

भारतात स्पीडवेचे साखळी सामने रुजले नाहीत. पुणे, नासिक इ. ठिकाणी मातीवर होणाऱ्या मोटारसायकल शर्यती मोटोक्रॉस व सुपरक्रॉस या प्रकारांतील असून त्यांत उंचवटे व उड्या यांना महत्त्व असते. महाराष्ट्रातील जत्रांत दिसणारा ‘मौत का कुआँ’ हा मात्र याच काळातील आप्त म्हणता येईल. लाकडी उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरविण्याचा तो खेळ ब्रिटनमध्ये १९२९ साली साउथएंड येथे प्रथम दाखविण्यात आला.