२४ मुंबई, ३ आठवडे

भारतात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. दर हजारी आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. म्हणजे वर्षाला सुमारे दोन लाख, रोज साडेपाचशे, दर अडीच मिनिटांना एक! त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तसाच मोठा उपचार लागतो.

दोष गाव बघून येत नाही. उपचार मात्र मोजक्या शहरांत एकवटलेत. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये बाळं सर्वाधिक, आणि उपचाराची केंद्रं अगदी कमी.

महाराष्ट्रात बघा. मुंबई शहर आणि उपनगर मिळून सुमारे ६०० चौरस किलोमीटर. एकटा गडचिरोली जिल्हा १४,४१२. म्हणजे २४ मुंबई! परळला केईएम आणि लहान मुलांचं वाडिया रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर. गडचिरोलीतल्या भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तो रस्ताही बंद.

आता वेळेचं गणित मांडा. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची जन्मतः अदलाबदल झालेली असते. जन्मानंतर थोडे दिवस उघडी राहणारी एक लहान वाहिनी त्यांना तगवते. ती मिटू लागली की बाळ निळं पडतं. प्रोस्टाग्लँडिनच्या थेंबाथेंबाने ती उघडी ठेवता येते, पण शस्त्रक्रिया साधारण पहिल्या तीन आठवड्यांत व्हावी लागते.

मग प्रत्येक जिल्ह्यात हृदयशल्यचिकित्सक नेमायचे? गडचिरोलीत वर्षाला १५ हजार जन्म धरले, तर पहिल्या वर्षात उपचार लागणारी बाळं पंचवीसेक भरतात. एवढ्या कामावर अशा नाजूक शस्त्रक्रियेत हात बसत नाही. म्हणून केंद्रं मोजकीच राहणार. बाळ तिथे वेळेत पोचलं पाहिजे.

त्याची सुरुवात पाच मिनिटांत होते. एक दिवसाच्या बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिमीटर लावायचा. आकडा ९० च्या खाली गेला तर तातडीने पुढे पाठवायचं. सुई नाही, दुखणं नाही. केरळने २०१७ पासून ‘हृद्यम’ योजनेत नोंदणी, रुग्णालयातली जागा, अँब्युलन्स आणि मोफत शस्त्रक्रिया एका साखळीत बांधली.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात सक्तीची करा, आणि भामरागडहून बाळ निघण्याआधी नागपूरची खाट पक्की करा.