सायकलीचे झिजलेले दाते

येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे जाणारा चढ ज्याने सायकलीवरून चढला आहे, त्याला साखळीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. गेल्या पावसाळ्यानंतर काही विद्यार्थ्यांसमवेत आम्ही त्या वाटेने निघालो असता एका मुलाच्या गिअरच्या सायकलीची साखळी ऐन चढावर दात्यांवरून निसटली. सारा भार ज्या पायावर होता तो पाय एकाएकी खाली गेला आणि मुलगा गुडघ्यावर आदळला. जखम आठवड्यात भरून आली. प्रश्न उरला तो सायकलीचा. ती त्याच्या थोरल्या भावाने वापरून दिलेली, आणि खेड्यातून शाळेत येण्यास त्याला दुसरे साधन नाही. एका दुकानदाराने साखळी, मागचे फ्रीव्हील आणि पुढची तिन्ही दातेरी चक्रे बदलावी लागतील असे सांगून जो आकडा काढला, तो सायकलीच्या किमतीच्या निम्म्याच्या जवळ जात होता. वडील म्हणाले, "मग विकूनच टाकू." तेव्हा शाळेच्या कार्यशाळेत ती सायकल खोलून पाहावी असे आम्ही ठरविले. त्यातून आम्हांस जे कळले ते येथे सांगतो.

प्रथम झीज होते कशी ते पाहू. रुळांची जी साखळी आपण आज सायकलीवर पाहतो, ती मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड यांनी 1880 साली सिद्ध केली. तिच्या एका खिळीपासून पुढच्या खिळीपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर असते. साध्या सायकलीचे तसेच गिअरच्या सायकलीचेही. लोक म्हणतात की साखळी ताणली जाते. वस्तुतः लोखंडाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. धूळ आणि चिखल यांमुळे प्रत्येक खिळी आपल्या सांध्यात किंचित झिजते, आणि शंभराहून अधिक सांध्यांची ही झीज मिळून साखळी लांब होते. मग तिचे रूळ दात्यांच्या खाचेत खोल न बसता वर सरकतात, अनेक दात्यांनी वाटून घ्यावयाचा भार थोड्यांवर पडतो, आणि दात्याची एक बाजू खरवडली जाऊन त्याला आकडीसारखा बाक येतो. चांगला दाता दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. झिजलेला दाता एका अंगाला कललेल्या लाटेसारखा दिसतो.

हे मोजण्यास पोलादी फूटपट्टी पुरते. साखळी ताठ धरून एका खिळीच्या मध्यावर शून्य ठेवावा आणि तेथून पुढची चोविसावी खिळी पाहावी. नव्या साखळीत ती बरोबर 12 इंचांवर येते. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर साखळी बदलावी. दाते बहुधा वाचलेले असतात. एक अष्टमांश इंच गेली असेल तर दातेही गेले असे समजण्यास हरकत नाही. आमच्या हातातील साखळी त्याही पुढे गेली होती. अशा वेळी केवळ नवी साखळी चढवून भागत नाही. मागच्या झिजलेल्या दात्यांवरून ती उडी मारते, आणि पुढच्या बाकदार दात्यांत अडकून त्यांच्याबरोबर वर ओढली जाते व चौकटीशी चेपते.

तथापि तिन्ही चक्रे एकदम क्वचितच झिजतात, आणि दुकानदाराच्या हिशेबात हीच गोष्ट सुटली होती. मोठे चक्र सपाटीवर वेगाने जाण्याचे. आमच्या विद्यार्थ्याने त्याचा उपयोग जवळजवळ केलाच नव्हता. धाकटे बरे होते. रोजचा भार सोसणारे मधले, 32 दात्यांचे चक्र मात्र पुरते गेले होते. म्हणजे घ्यावयाचे ते एकच.

परंतु एक चक्र सुटे घेता येते की नाही, हे ते कसे जोडले आहे त्यावर अवलंबून असते. स्वस्त सायकलींत तिन्ही चक्रे रिव्हेटने कायमची ठोकलेली असतात. तेथे सुट्या चक्राचा शोध व्यर्थ होय. चौकोनी आसावर बसणारा साधा पोलादी क्रँकचा संचच आणावा. बोल्टने जोडलेली चक्रे असली तरीही दोनतीन बदलावयाची झाल्यास आधी अख्ख्या संचाची किंमत विचारावी, कारण तो पुष्कळदा सुट्या चक्रांच्या बेरजेहून स्वस्त पडतो. संच बदलताना पेडल काढावे लागतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसल्याने पाना तुटेपर्यंत जोर करणारे आम्ही पाहिले आहेत.

आमच्या सायकलीला बोल्ट होते. तरी पहिली खेप फुकट गेली, आणि दोष सर्वस्वी आमचा. दाते मोजून आम्ही 32 दात्यांचे चक्र आणले, ते पाच छिद्रांचे निघाले! दात्यांइतकेच छिद्रांचे वर्तुळ महत्त्वाचे. चार छिद्रे असल्यास शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर मोजून त्यास 1.414 ने गुणावे, की वर्तुळाचा व्यास मिळतो. आमचे अंतर साडेत्र्याहत्तर मिलिमीटर भरले, म्हणजे व्यास 104 मिलिमीटर. डोंगरी सायकलींच्या मधल्या व मोठ्या चक्रांसाठी हे माप फार प्रचलित आहे. धाकट्या चक्राचे वर्तुळ त्याच प्रकारात 64 मिलिमीटरचे असते. भूमितीच्या तासाला कर्ण कशासाठी शिकावा असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

साध्या काळ्या सायकलीचे चेनव्हील बसवू नये का, असे एका मुलाने विचारले. ते बसत नाही. त्याची साखळी अधिक रुंद, म्हणून दातेही जाड, आणि त्याचा क्रँक आसावर कॉटर पिनने अडकविलेला असतो. दुसऱ्याने उद्यमबागेतील कारखान्यात नवे चक्र कापून घेण्याची कल्पना मांडली. आकडेमोड सोपी होती: 32 दात्यांसाठी साखळीच्या खिळ्यांचे वर्तुळ सुमारे 129.6 मिलिमीटर व्यासाचे येते. पण एकच नग कापण्यास लागणारी मजुरी बाजारातील तयार चक्राहून जास्त झाली असती.

तयार चक्र घेताना ॲल्युमिनियमपेक्षा पोलादी निवडावे, असे आमचे मत आहे. ते थोडे जड असते, परंतु स्वस्त पडते आणि अधिक टिकते; शर्यतीत न उतरणाऱ्याला त्या वजनाचे काय? भंगाराच्या दुकानातही डोकावावे. चौकट मोडली म्हणून टाकलेल्या सायकलींची चक्रे कित्येकदा धडधाकट असतात. मात्र तेथे दाते नखाने चाचपून घ्यावेत. ज्यांना आज एवढाही खर्च झेपत नाही, त्यांनी बाकाची टोके बारीक कानशीने घासावीत. काही दिवस निभावते. काही साधी चक्रे उलटी बसवून कोरी बाजू कामाला लावता येते, पण आमच्या चक्रातील बोल्टच्या खाचा एकाच अंगाला असल्याने तो मार्ग बंद होता.

अखेर एक पोलादी चक्र, एक साखळी व एक फ्रीव्हील एवढ्यावर काम झाले, आणि खर्च दुकानदाराच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत राहिला. आता तो मुलगा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी फूटपट्टी मागावयास येतो. सहामाही परीक्षेनंतर आम्ही पुन्हा गडावर गेलो. साखळी एकदाही निसटली नाही. शेवटच्या वळणावर तो खाली उतरून सायकल ढकलू लागला, परंतु तो दोष दात्यांचा नव्हता.