स्मृतिभ्रंश आणि घरखर्च

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे कीं, सत्तरीच्या आजोबांनीं एकच प्रश्न तासाभरांत पांच वेळां विचारला तरी कोणास त्याचें विशेष वाटत नाहीं. वय झालें, असें म्हणून मंडळी आपापल्या कामास लागतात. पुढें एके दिवशीं आजोबा रोजच्या देवळांतून परततांना वाट चुकतात, किंवा पेन्शनचे पैसे कोठें ठेवले हें न आठवून मोलकरणीवर आळ घेतात, आणि मग धांवाधांव सुरू होते. त्या धांवपळींत जो पैसा जातो त्यांतील बराचसा भलत्याच ठिकाणीं जातो. तो कसा वांचवावा आणि वांचलेला कोठें लावावा, हा या भाषणाचा विषय आहे.

चष्मा कोठें ठेवला हें विसरणें हा विसराळूपणा होय. हातांतील चष्मा कशासाठीं असतो हेंच न उमगणें हा स्मृतिभ्रंश. त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं प्रथम विद्वानांपुढें मांडला. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्यानें होणारा दुसरा प्रकारही आपल्याकडे पुष्कळ दिसतो. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीच्या अंदाजाप्रमाणें भारतांत साठ वर्षांवरील शंभरांत सात ते आठ माणसांस हा विकार आहे. म्हणजे एकंदर सुमारें ८८ लक्ष.

पहिला खर्च तपासणीचा, आणि त्यांत मात्र काटकसर करूं नये. कारण स्मृतिभ्रंशासारखीं दिसणारीं कांहीं दुखणीं बरीं होण्याजोगीं असतात. थायरॉईड ग्रंथीचें काम मंदावणें, ब-१२ जीवनसत्त्वाचा तुटवडा, मनाचें नैराश्य, पडून मार लागल्यावर कवटीखालीं हळूहळू सांचणारें रक्त, यांपैकीं कांहींही मुळाशीं असूं शकतें. ब-१२ वनस्पतींत मिळत नाहीं, म्हणून शाकाहारी घरांत, आणि मधुमेहासाठीं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षें घेणारांत, त्याची परीक्षा अवश्य व्हावी. या परीक्षा आणि मेंदूचा स्कॅन महापालिकेच्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत खासगीपेक्षां पुष्कळ कमी दरांत होतात. रांगेंत एक-दोन दिवस मोडतात एवढेंच. जातांना घरांतील यच्चयावत् गोळ्या एका पिशवींत घालून न्याव्या. झोपेची जुनी गोळी, सर्दी-खाजेची गोळी, लघवी आवरण्याची गोळी, यांनीं म्हाताऱ्या मेंदूवर झांपड येते. कधीं कधीं एक गोळी कमी केल्यानेंच माणूस ताळ्यावर येतो, आणि याहून स्वस्त उपचार कोणता? दोन दिवसांत एकाएकीं बरळूं लागणें ही मात्र निराळी गोष्ट आहे. तेथें लघवींतील जंतुसंसर्ग किंवा शरीरांतील पाणी-क्षार घटणें असें कारण बहुधा सांपडतें, आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा लागतो.

आतां औषधें. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन हीं चार नांवें घरच्या माणसांनीं पाठ करावीं. पहिलीं तीन मेंदूंतील ॲसिटिलकोलिन नांवाचें द्रव्य लवकर नष्ट होऊं देत नाहींत. चौथें निराळ्या वाटेनें काम करतें व तें मधल्या आणि पुढच्या अवस्थेंत देतात. यांतील एकही रोग बरा करीत नाहीं. कांहीं रुग्णांस कांहीं काळ थोडें बरें वाटतें, कांहींस मुळींच फरक पडत नाहीं. महागडें घेतलें म्हणजे अधिक गुण येईल, ही समजूत अगदीं खोटी आहे. डोनेपेझिल अमेरिकेंत १९९६ सालीं मान्य झालें. त्याच्या पेटंटची मुदत केव्हांच संपली असून भारतांत अनेक कारखाने तें बनवितात. एकाच द्रव्याच्या, एकाच वजनाच्या गोळीचा भाव कंपनीगणिक वेगळा असतो. म्हणून चिठ्ठीवर मूळ द्रव्याचें नांव लिहिण्याची विनंती डॉक्टरांस करावी. ते रागावत नाहींत. २००८ सालीं सुरू झालेल्या जनऔषधि योजनेचीं दुकानें २०२५ च्या आरंभीं १५,००० च्या वर गेलीं होतीं. तेथें अशीं औषधें कंपनीच्या नांवाच्या औषधांहून निम्म्याच्याही खालीं मिळूं शकतात. एका दुकानीं नसल्यास दुसऱ्या दुकानीं विचारावें.

डोनेपेझिलनें मळमळ, जुलाब होतात, नाडी मंदावते, कोणास लघवीची घाई होते. ही घाई औषधाची आहे हें न ओळखतां ती थांबविण्यास दुसरी गोळी दिली, तर ती बरोबर उलट काम करते. एका हातानें बादली भरावी आणि दुसऱ्या हातानें तिचें बूड फोडावें, तशांतला हा प्रकार! पैसे दोन्ही गोळ्यांचे जातात. सहा महिन्यांनीं गुण आला कीं नाहीं हें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें. मात्र औषध आपल्या मनानें एकदम बंद करूं नये.

स्मरणशक्तीच्या टॉनिकांवर एक पैही घालवूं नये. गिंको या वनस्पतीचा मोठा बोलबाला होता; परंतु ३,०६९ वृद्धांवर केलेल्या व २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पडताळणींत तिनें स्मृतिभ्रंश टळत नाहीं असें ठरलें. अलीकडच्या नव्या इंजेक्शनांचीं वृत्तें वाचून कोणी घर गहाण टाकूं नये. लेकानेमॅब हें त्यांतील एक २०२३ सालीं अमेरिकेंत आलें, तेव्हां त्याची वर्षाची किंमत २६,५०० डॉलर ठेवलेली होती. तें केवळ आरंभींच्या अवस्थेंत देतात, आणि त्यानें उतार थोडा मंदावतो, थांबत नाहीं.

नीट चौकशी केली तर औषधांचा खर्च मध्यम स्थितींतील घरास बहुधा पेलतो. घर खचतें तें माणसांच्या खर्चानें. आजारी माणसाजवळ दिवसा कोणी तरी हवें, पुढें रात्रींही हवें. ब्युरोची आया बारा तासांसाठीं ठेवली कीं तिचा पगार औषधांच्या कितीतरी पट होतो. म्हणून सून किंवा मुलगी नोकरी सोडते. ही सोडलेली नोकरी कोणाच्याच जमाखर्चांत लिहिली जात नाहीं. तरी या दुखण्याचा सर्वांत मोठा खर्च तोच होय. तिचा पगार जातो, बढती जाते, तिच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद जाते, आणि कंबर व झोप जाते ती निराळीच.

यावर उपाय असा कीं, सर्व भावंडांनीं एकत्र बसून कोण किती तास देणार व कोण किती रुपये देणार हें कागदावर लिहावें. परदेशांतील चिरंजीवांनीं आठवड्यास फोन करून नव्या गोळ्या सुचविण्यापेक्षां आयेचा पगार पाठविणें अधिक उपयोगाचें. आरंभीं पूर्ण वेळेची बाई लागत नाहीं. सकाळची आंघोळ आणि तिन्हीसांजेची चलबिचल, या दोन वेळां सांभाळणारी मिळाली तरी सुनेची नोकरी टिकते. बाई ठेवण्यापूर्वीं तिनें असा रुग्ण सांभाळला आहे काय, आणि ती न आल्यास ब्युरो बदली देतो काय, हें विचारून घ्यावें. १९९२ सालीं केरळांत निघालेल्या ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेच्या शाखा मुंबई-पुण्यासही आहेत. अशा ठिकाणीं घरच्या मंडळींस शिकवण मिळते.

ती शिकवण फुकाची नव्हे. आई संध्याकाळीं माहेरीं जाण्याचा हट्ट धरते. तुझे आईबाप केव्हांच वारले, असें तिला सांगितलें तर तें दुःख तिला दर वेळीं नव्यानें होतें, आणि ती अधिकच बिथरते. त्यापेक्षां माहेरच्या परसांतील झाडांविषयीं विचारावें. बोलतां बोलतां ती जेवावयास बसते. हें न साधल्यामुळें पुष्कळ घरांत शांत करण्याच्या गोळ्या सुरू होतात, आणि त्यांनीं पडणें, पक्षाघात, क्वचित् मृत्यूही ओढवतो. न्हाणीघराची आंतली कडी काढून टाकणें, रात्रीं गॅसचा कॉक बंद करणें, वाटेवर मंद दिवा ठेवणें, खिशांत नांव व फोन-क्रमांकाची चिठ्ठी घालणें, यांस जवळ जवळ कांहींच लागत नाहीं. पण एक मोडलेली मांडी सारी शिल्लक खाऊन टाकते.

सरकारी मदतीविषयीं भ्रम नसावा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्यावरील वयाच्या सर्वांस आयुष्मान भारत योजनेंत कुटुंबामागें वर्षास ५ लक्ष रुपयांपर्यंतचे उपचार खुले झाले; पण ते रुग्णालयांत दाखल झाल्यावरचे. रोजची गोळी आणि आया त्यांत येत नाहींत. वृद्धांसाठीं १४५६७ आणि मनोविकारांसाठीं १४४१६ या क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो.

कागदपत्रें मात्र आजोबांस समजतें आहे तोंवरच करावीं. १८७२ च्या करार-कायद्याप्रमाणें, लिहून देणाराची बुद्धी गेली कीं मुखत्यारपत्रही संपतें. त्याच्या भरंवशावर राहिलेलीं घरें पुढें कोर्टाच्या पायऱ्या चढतात. बँकेचें खातें आधींच दोघांच्या नांवें, कोणाही एकास व्यवहार करतां येईल असें करून घ्यावें. पेन्शनसाठीं हयातीच्या दाखल्याला रुग्णास रांगेंत उभें करण्याचें कारण नाहीं. टपालखात्याच्या बँकेचा पोस्टमन थोड्या शुल्कांत घरीं येऊन तो करतो. म्हातारपणीं बोटांचे ठसे पुसट होतात. ते न उमटल्यास मोबाइलपुढें चेहरा धरूनही दाखला होतो, याची पोस्टमनास आठवण करून द्यावी.