पुस्तकांशेजारी हत्यारांचे कपाट



ऐन उन्हाळ्यात खोडव्याला पाण्याची पाळी यावी, मोटर सुरू करायला जावे आणि स्टार्टरने दगा द्यावा, हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही? बिघाड म्हणावा तर एवढासा. कुठे पट्टी जळालेली, कुठे वायर सुटलेली. पण घरात धड टेस्टर नाही, मीटर नाही. असला तरी तो कसा लावायचा हे ठाऊक नाही. मग तालुक्याला पळा. मिस्त्री भेटला तर भेटला, नाहीतर अर्धा दिवस गेला. तोवर लाईट गेली आणि पाळी चुकली ती चुकलीच.

आता त्याच गावातले दुसरे चित्र बघा. गावचे वाचनालय. सकाळी चार वडीलधारी माणसे पेपर वाचून जातात, दुपारी दाराला कुलूप. तरुण पोरं बाहेर कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसलेली. या दोन गोष्टींची गाठ घालता येईल काय, हा प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवतो आहोत.

कल्पना आमच्या पदरची नव्हे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज शहराजवळ फेएटव्हिल नावाचे छोटे गाव आहे. वस्ती चार हजारांच्या आसपास. तिथले वाचनालय फर्निचरच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत भरते. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने असे मांडले की, माणसे वाचनालयात नुसती वाचायला का यावीत, काही बनवायलाही यावीत. वाचनालयाने ते मनावर घेतले आणि २०११ च्या सुमारास तिथे कार्यशाळा उभी राहू लागली. तिकडे अशा जागेला 'मेकरस्पेस' म्हणतात. त्या देशातल्या सार्वजनिक वाचनालयांतील अगदी पहिल्या मेकरस्पेसमध्ये तिची गणना होते. तिथे थ्री-डी प्रिंटर आला. हे यंत्र प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर देत वस्तू तयार करते. मोडलेली मूठ किंवा लहानसे दातेरी चाक त्यावर बनवता येते. पुढे अशा जागा अनेक वाचनालयांत निघाल्या.

कुणी म्हणेल, "अहो, ते अमेरिकेचे! आपल्याकडे कुठले जमायला?" तर मग आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळला जाऊन बघावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली त्या कोरडवाहू भागात विज्ञान आश्रम सुरू केला. पोरांनी हाताने काम करता करता शिकावे, हे त्यांचे सूत्र. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, सगळे करून शिकायचे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मदतीने २००२ साली तिथे 'फॅब लॅब' निघाली; अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. पाबळची ही कार्यशाळा वाचनालयात नाही, हे खरे. पण खेड्यातल्या पोराच्या हाती यंत्र दिले तर ते शिकते, एवढे तिने दाखवून दिले आहे.

मग वाचनालयच का? कारण सगळ्यांच्या मालकीची वस्तू सांभाळायची रीत तिथे आधीच आहे. पुस्तक नोंदवहीत लिहून घरी न्यायचे, मुदतीत परत करायचे. पाने, ड्रिल मशीन आणि मीटरही तसेच देता येतील. एकट्याला न परवडणारी गोष्ट सर्वांनी मिळून घ्यायची, हे आपल्या सभासदांना काय शिकवायचे? कारखाना उभा राहिला तो त्याच तत्त्वावर.

मात्र आमचा एक कटू अनुभव सांगितलाच पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका संस्थेला संगणक मिळाले. हार-तुरे झाले, फोटो निघाले आणि संगणक कुलपातच म्हातारे झाले. शिकवणारा माणूस नव्हता, आणि बिघडले तर भरून कोण देणार या भीतीने किल्ली कुणी सोडीना. म्हणून आधी माणूस शोधावा, मग यंत्र. निवृत्त फिटर, गावचे सुतार, लोहार, शिवणकाम जाणणाऱ्या भगिनी, यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी दिल्या तरी पुष्कळ झाले. त्यांना मानधन द्यावे. फुकटचा उत्साह फार दिवस टिकत नाही.

सुरुवात लहान असावी. एक भक्कम टेबल, व्हाइस, पाने, पक्कड, कानस, मीटर, सोल्डरिंगचे सामान, एक शिवणयंत्र. थ्री-डी प्रिंटरची घाई नको. खोली वेगळी असावी. पुस्तकांजवळ ठिणगी नको आणि वाचणाऱ्याला ठोकाठोकीचा त्रास नको. अर्थिंग नीट, डोळ्यांना चष्मा, आग विझवायची सोय, आणि लहान मुले मोठ्यांच्या देखरेखीखालीच. थ्री फेजच्या चालू लाईनला तर शिकाऊ माणसाने हातच लावू नये. सरकारी अनुदान वाचनालयाच्या ठरलेल्या खर्चासाठी असते, त्यावर डोळा ठेवू नये. हत्यारांची पेटी लोकवर्गणीतून करावी.

आपल्या माळ्यावर, गोठ्यात किती हत्यारे गंजत पडली असतील, आठवून बघा! ज्या गावच्या सभासदांना हे पटेल, त्यांनी आपल्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाशी बोलावे, गावात शिकवू शकतील अशा दोन माणसांची नावे काढावीत आणि आम्हाला लिहावे. इतर गावांच्या माहितीसाठी आम्ही ते याच पानावर छापू. पुढच्या उन्हाळ्यात स्टार्टर बंद पडला, तर निदान मीटरसाठी तरी तालुक्याला धावावे लागू नये.