चेक इंजिनचा दिवा लागलाय? आधी फोन काढा

आमचं घर अच्छाडला, मुंबई-अहमदाबाद हायवेवर. पुढे लगेच गुजरात. घरची पेट्रोल गाडी २०१४ची. अशा जुन्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला की एकच प्रश्न पडतो: जायचं की थांबायचं?

दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करू शकतं. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सहसा हळूहळू घर गाठता येतं.

भारतात एप्रिल २०१३पासून नव्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट शोधा. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर लावा, चावी ऑन करा, टॉर्कसारखं अ‍ॅप उघडा. (आयफोनवाल्यांनो, तुम्हाला वायफाय किंवा बीएलईवाला लागेल.)

समजा कोड आला पी०१७१. म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायला धावू नका! तो बिचारा फक्त तक्रार सांगतोय. आम्हा कोडर लोकांच्या भाषेत ही एरर लॉगमधली ओळ, बग दुसरीकडेच असतो. जुन्या गाडीत रबरी व्हॅक्यूम पाइप तडकतात आणि न मोजलेली हवा आत शिरते. इंजिन थंड असताना पाइप चाचपून बघा, जोड सैल आहेत का बघा. पाइप सेन्सरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. अ‍ॅपमधलं ‘क्लिअर’ दाबलं तर दिवा जातो, फॉल्ट तिथेच राहतो.

आणि हो, अ‍ॅडॉप्टर काढून ठेवा. सॉकेटला बॅटरीचा करंट कायम असतो, जुनी बॅटरी उतरेल.