गप्प बसलेल्या मुलाचा शिक्षक

लातूर आणि नांदेड ही नावे उच्चारताच आजच्या पालकाच्या मनश्चक्षूंपुढे गुणवत्ता याद्या, शिकवणीवर्ग आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षा उभ्या राहतात. आणि ज्याला शिकवलेले समजते अशा विद्यार्थ्याकडून सराव कसा करून घ्यावा, याचे जणू शास्त्रच ‘लातूर पॅटर्न’ने सिद्ध केले आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु याच दोन जिल्ह्यांत, किनवट-माहूरकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर), देगलूर-बिलोलीच्या तेलुगूभाषी सीमेवर, उदगीर-निलंग्याच्या कानडी शेजारात आणि ठिकठिकाणच्या बंजारा तांड्यांवर जे मूल पहिलीच्या वर्गात येते आणि गप्प बसते, त्याचे शास्त्र शिक्षकाला कोण शिकवतो?

गप्प बसण्याची कारणे एकसारखी नसतात. एका मुलाला ऐकू कमी येते, दुसऱ्याला फळा धूसर दिसतो, तिसऱ्याच्या बुद्धीचा विकास मंद असतो, चौथ्याला बुद्धी तल्लख असूनही अक्षरे ओळखता येत नाहीत. आणि पाचव्याला काहीच झालेले नसते, त्याच्या घरी कोलामी, गोंडी किंवा बंजारांची गोरमाटी बोलतात एवढेच. या पाचव्याच्या कपाळी ‘मतिमंद’ असा शिक्का बसणे, आणि पहिल्याला ‘भाषेची अडचण आहे, सुधारेल हळूहळू’ म्हणून वर्षानुवर्षे तसेच बसवून ठेवणे, हे दोन्ही सारखेच अन्याय होत. त्यांतून वाट काढण्याची पहिली कसोटी साधी आहे: अडचण मुलाच्या घरच्या भाषेतही दिसते काय? जे मूल आपल्या बोलीत आजीची गोष्ट रंगवून सांगते आणि सोबत्यांशी हिरिरीने भांडते, त्याची अडचण बहुधा शाळेच्या भाषेची. जे घरीही पाठीमागून मारलेल्या हाकेला वळत नाही, त्याचे कान आधी तपासावेत. मात्र ही कसोटी लावायची तर शिक्षकाला, निदान त्याच्या शेजारी बसलेल्या कोणाला तरी, मुलाची भाषा यावी लागते.

या मुलुखाला परक्या भाषेच्या शाळेचा अनुभव नवा नाही. निजामाच्या अंमलात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, आणि मराठी घरांतील मुले त्याच वाटेने शिकली. परंतु त्याच राजवटीत याच्या नेमके उलट असा एक प्रयोगही झाला. १९४० मध्ये कोमराम भीम याचा गोंडांचा उठाव चिरडला गेल्यावर, असंतोषाचे मूळ शोधण्यासाठी सरकारने ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना पाचारण केले. आणि त्यांच्या पुढाकाराने आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाई या खेड्यात १९४३ मध्ये गोंडांपैकीच काहींना शिक्षक म्हणून तयार करणारे केंद्र निघाले, ज्यात गोंडी भाषेची पुस्तके देवनागरी लिपीत छापून वापरली गेली. अव्वल पदवीधराला गोंडी शिकवण्यापेक्षा गोंडाला शिक्षक करणे अधिक सोपे, हे येथे प्रत्यक्ष सिद्ध झाले. किनवट तेव्हा याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेडकडे आले. निलंग्यात जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबादच्या त्याच भागात गोंडांमध्ये वावरले आणि त्यांनी गोंडी भाषेचा अभ्यास केला, हे लातूरकरांनी विशेषत्वाने लक्षात ठेवावे.

आता कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि अध्ययन अक्षमतेलाही त्यात स्थान मिळाले; ब्रेल व सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची आणि सर्व स्तरांवर प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्यात आहे. विशेष शिक्षकाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते; आणि प्राथमिक स्तरावर दहा अपंग मुलांमागे एक, त्यावरील स्तरांवर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. पण हुकूम दफ्तरी असतो आणि मूल वर्गात असते. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून शाळा-शाळा फिरणाऱ्या एका शिक्षकाने एकवीस प्रकारच्या गरजा भागवाव्यात, ही अपेक्षाच अवास्तव आहे; म्हणून भार शेवटी सामान्य वर्गशिक्षकावरच पडतो, आणि त्याचे प्रशिक्षण राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्या उतरत त्याच्यापर्यंत येते तेव्हा त्यात चित्रफलक आणि हजेरीपत्रक यांपलीकडे फारसे काही उरलेले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्रजीची गोष्ट याहून निराळी नाही. महाराष्ट्राने २००० सालच्या जूनपासून पहिलीपासून इंग्रजी लागू केले. तेव्हापासून तांड्यावरच्या मुलाला मराठी ही दुसरी भाषा नीट वश होण्याआधीच तिसरी सामोरी येते. अशा मुलाला इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगणे म्हणजे एक अनोळखी दुसऱ्या अनोळख्याच्या ओळखीने घरात घेणे होय. वस्तू दाखवून, कृती करवून, त्याच्या बोलीतील शब्द फळ्यावर लिहून शिकवावे, हे तंत्र कोणत्याही अध्यापक विद्यालयात शिकवता येण्याजोगे आहे.

तेव्हा जिल्हा परिषदांना एवढीच विनंती की, मुलांची पडताळणी करताना गोंडी, कोलामी वा गोरमाटी जाणणारा स्थानिक माणूस मानधन देऊन शेजारी बसवावा. आणि वाचकहो, आपल्या किंवा शेजारच्या मुलाविषयी ‘याला काही येत नाही’ असा अभिप्राय शाळेतून आला, तर तपासणी कोणत्या भाषेत केली आणि कान-डोळे कोणी तपासले, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.