बाळाच्या हृदयात स्टेंट: घरी आल्यावर काय जपायचं?

'स्टेंट' म्हटलं की घरातले आजोबा आठवतात: हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट टाकला. त्यामुळे चार दिवसांच्या बाळाला स्टेंट लागेल असं सांगितलं की आईवडील गोंधळून जातात. एवढ्याशा जिवाला ब्लॉकेज कसं? हे तसं ब्लॉकेज नसतं. हृदयाची किंवा रक्तवाहिनीची रचनाच जन्मतः अपुरी राहिलेली असते. आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून असं होत नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगा.

हृदयातलं छिद्र बंद करायला स्टेंट वापरत नाहीत. काही छिद्रं आपोआप बुजतात, काही छत्रीसारख्या उपकरणाने किंवा ऑपरेशनने बंद करतात. स्टेंट म्हणजे धातूच्या जाळीची बारीक नळी. तिचं काम वाट उघडी ठेवण्याचं.

पोटात असताना प्रत्येक बाळाच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. पण ज्या बाळाच्या फुप्फुसाकडे जाणारा मुख्य रस्ताच बंद आहे, त्याला ऑक्सिजन मिळतो तो या नळीमुळेच. ती मिटू लागली की ओठ, जीभ, नखं निळी पडतात. अशा वेळी सलाइनमधून औषध देऊन नळी उघडी ठेवतात, मग मांडीच्या किंवा मानेच्या रक्तवाहिनीतून कॅथेटर नेऊन तिच्यात साधारण ३.५ ते ४ मिलिमीटरचा स्टेंट बसवतात. छाती उघडावी लागत नाही.

मोठ्या मुलांत महाधमनी एके ठिकाणी अरुंद असेल, तर तिथेही स्टेंट टाकतात. हाताचा रक्तदाब जास्त आणि पायाची नाडी मंद, ही त्याची खूण.

बाळाचा स्टेंट हा बहुतेक वेळा पुढच्या ऑपरेशनपर्यंतचा पूल असतो. बाळ वाढतं, स्टेंट आपोआप वाढत नाही. 'बाळ आता छान खेळतंय' म्हणून तपासणी टाळू नका.

रक्त गोठू नये म्हणून दिलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी स्वतःहून बंद करू नका. जुलाब-उलट्या या बाळांना फार घातक: अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि स्टेंटमध्ये गुठळी अडकू शकते. शहापूर तालुक्यात धरणं असूनही उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकर येतो. वरचं पाणी देत असाल तर ते उकळूनच द्या. जुलाब सुरू झाले की त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तरी डॉक्टरांना कळवा, कारण अशा तापात अ‍ॅस्पिरिन धोक्याची ठरू शकते.

बाळ अचानक जास्त निळं पडलं, दूध ओढेनासं झालं किंवा सुस्तावलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि पहिलं वाक्य हेच बोला: 'बाळाच्या हृदयात स्टेंट आहे.' डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये ठेवा.

खर्चासाठी जमीन गहाण ठेवण्याआधी चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते, पुढच्या उपचारांनाही मदत मिळते. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात या पथकाची चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या बाळाचा उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगेल. जाताना रेशनकार्ड, आधार आणि टूडी इकोचा रिपोर्ट सोबत ठेवा.